पंख्याला उकडत नाही

आमच्या समोरच्या शालनताईंवर वीजचोरीचा संशय! ऐकूनच माझं डोकं फिरलं. अहो, सूर्य जरा जास्त वेळ तळपला तर या बाई त्यालाही बटण बंद करायला लावतील.

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत त्या कित्येक वर्षं भाडेकरू मुली ठेवत आल्या. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. तीन खोल्यांत स्पर्धा परीक्षेच्या मुली आणि स्वयंपाकघरात या. मुलींचे गीझर, इस्त्र्या, लॅपटॉप आणि त्यावर ताईंचा जिन्यापर्यंत येणारा आवाज, "बंद करा गं!" शिवाय भिंतीभर कागदी पाट्या. 'आपण बाहेर गेल्यावर पंख्याला उकडत नाही. बंद करावा.' 'गीझर लावून झोपू नये. पाणी उठवायला येणार नाही.'

मग पेठेत एसीवाली हॉस्टेलं निघाली आणि एकेक मुलगी गेली. शेवटची पायल. ती तर जाताना तोंडावरच म्हणाली, "ताई, तिकडे बटणांवरून कोणी बोलत नाही." ताईंनी तिच्या हातावर दही घातलं, दार लावलं आणि तिच्या खोलीतला दिवा बंद केला.

त्यानंतर त्यांचा वापर इतका खाली आला की वीज कंपनीला खटकलं. परवा दुपारी संभाजी नावाचा तपासनीस त्यांच्या दारात उभा. आवाज ऐकून मीही बाहेर आलो. "मावशी, वापर एकदम कसा काय पडला? मीटरला कुणी हात लावला नाय ना?"

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. "मी? जन्मभर लोकांची बटणं बंद करत आले, ती मी चोरी करीन?" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "शरच्चंद्रराव, मीटर खरंच बिघडला असला तर? लोक मलाच चोर म्हणतील हो."

मी संभाजीवर उखडलो. तो मात्र शांत. "काका, वरडून काय उपयोग? घरातलं समदं चालू करायला सांगा. खाली मीटर किती पळतोय ते बघतो."

ताई खोल्याखोल्यांतून बटणं दाबत सुटल्या. पंखे, ट्यूबलाइट, गीझर, टीव्ही, मिक्सरसुद्धा. मी खाली जिन्याजवळ संभाजीपाशी जाऊन उभा राहिलो. मीटरवरचा तांबडा ठिपका भराभर लुकलुकू लागला. संभाजीने आपलं यंत्र लावून आकडे ताडून पाहिले आणि मान हलवली.

"मीटर बराबर हाय, काका. घरात माणसंच न्हाईत, त्याला मीटर काय करणार?"

माझा जीव भांड्यात पडला. धापा टाकत वर गेलो. दार उघडंच होतं. "ताई, सुटलात! मीटर ठणठणीत आहे. करा आता सगळं बंद!"

मिक्सर तेवढा थांबला होता. बाकी घरात जत्रेसारखा गलका. टीव्हीवर कोणीतरी खो खो हसत होतं. ताई पायलच्या खोलीत, गादी काढलेल्या खाटेवर बसल्या होत्या. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि त्याच्या वाऱ्याने भिंतीवरची पाटी फडफडत होती. मला फार वाईट वाटलं. मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

"राहू द्या हो," शालनताई म्हणाल्या. "थोडा वेळ चालू राहू द्या."