तेजाबात बुडवलेले सहा विळे

गव्हाची सोंगणी तोंडावर आलेली असताना मी घरमालकाचे सहाच्या सहा विळे तेजाबात बुडवले. मला कुणी सांगितलं नव्हतं.

निजामाच्या अमलात मी टेंभुर्णीच्या शाळेत मास्तर होतो. उर्दूतून विज्ञान शिकवायचो आणि एका शेतकऱ्याच्या घरात खोली घेऊन एकटाच राहायचो. मालकाला मी आवडत नव्हतो, मालकिणीला त्याहून कमी. विळे गंजलेले दिसले. म्हटलं, चकचकीत करून द्यावेत, निदान ताक तरी कपाळाला आठ्या न घालता मिळेल.

दिवसभर बरणीत बुडबुडे फुटत होते. संध्याकाळी विळे असे उजळले की मालक माझ्याकडे बघून चक्क हसला. ते पहिलं आणि शेवटचं.

दुसऱ्या दिवशी वावरात पहिला विळा मुठीजवळ कटकन मोडला. दुपारपर्यंत चार गेले. वर आभाळ काळं झालेलं. गारा आल्या की गहू मातीत.

"काय घातलं हो त्याच्यात?" मालक दात खात म्हणाला.

अशा वेळी गप्प बसावं. मी शिकवू लागलो. "तेजाबात लोखंडाच्या अंगावर हायड्रोजनचे कण बसतात. दोघं जवळ आले की त्यांची जोडी जमते आणि बुडबुडा होऊन निघून जातात. ज्याला जोडीदार मिळत नाही, तो एकटाच लोखंडात शिरतो. मग लोखंड ठिसूळ होतं."

"हे तुमाला आधी ठावं होतं?"

होतं. लोखंड नंतर बराच वेळ मंद आचेवर ठेवावं, म्हणजे आत शिरलेले निघून जातात, हेही पुढच्याच पानावर होतं. ते पान परीक्षेत येत नसे, म्हणून मी दरवर्षी गाळायचो.

"उरलेले दोन चुलीशी ठेवले तर..."

"हात लावून बघा!"

मग सगळ्यांबरोबर मीही गहू हातानं उपटला. तळव्यांची सालटी निघाली. पाण्याचा तांब्या सगळ्यांकडे फिरला, माझ्यापुढून तसाच गेला. गारा कोसळल्या तेव्हा निम्मा गहू वावरातच होता.

घरी आलो. मालकीण दारातच उभी होती. माझा धडा तिच्यापर्यंत पोचला होता.

"एकटा जीव आत घुसला की मोडतोड व्हती म्हणं," ती म्हणाली. "बराबर हाये. उद्या खोली खाली करा, मास्तर."