आतला कॉम्प्युटर

मोहगावचे भिवाजी काका सकाळीच घरी आले, म्हणून पूनमला दुकान उघडावं लागलं. नाहीतर ते आणखी किती दिवस बंद राहिलं असतं, तिलाही सांगता आलं नसतं.

"नातीचं लग्न ठरलं, पूनमबाई. नेहाचं," ते म्हणाले. "आमच्या घरच्या साऱ्या पत्रिका भूपेंद्रनंच केल्या. दुसरीकडे जायले मन होऊन नाही राहिलं."

पांढुर्ण्यात स्टेशनच्या रस्त्याला पूनम-भूपेंद्र या नवरा-बायकोचं पत्रिका छापायचं दुकान होतं. भूपेंद्र कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचा आणि पूनम त्याच्या खुर्चीमागे उभी राहून चुका काढायची. पावसाळ्याच्या शेवटी तो कागद आणायला नागपूरला गेला. तिथल्या बाजारात छातीत कळ आली आणि तो तिथेच गेला. तेव्हापासून शटर खालीच होतं.

पूनम रडली नव्हती. सासूबाई म्हणायच्या, "रडून घे वो माय, मोकळी होशीन." ती मान हलवायची. सकाळी भाजी चिरायची, लेकीची, मानसीची, वेणी घालून तिला शाळेत पाठवायची आणि मग पंख्याखाली बसून राहायची. अंगावरून पाणी वाहून जावं तसे दिवस जात होते.

शटर वर केल्यावर तिनं भिवाजी काकांना स्टूल दिलं, खुर्ची पुसली आणि कॉम्प्युटर चालू केला. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख भलतीच, कित्येक वर्षांपूर्वीची दिसत होती. पत्रिकांचं सॉफ्टवेअर काही उघडेना. पडद्यावर नुसती एक इंग्रजी चौकट आली.

ते सॉफ्टवेअर जुनं होतं. सारे वळणदार मराठी अक्षरांचे टाइप त्यातच होते आणि ते फक्त जुन्याच विंडोजवर चालायचं. म्हणून भूपेंद्रनं एक युक्ती केली होती. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, जुना कॉम्प्युटर बसवला होता. तो खरा नव्हे, पण खऱ्यासारखाच चालायचा. उठताना भूपेंद्र तो बंद करायचा नाही, आहे तसा थांबवून ठेवायचा. आज नेमका तो आतलाच कॉम्प्युटर उघडत नव्हता.

तिनं योगेशला फोन लावला. हा तिचा धाकटा दीर, नागपूरला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कामाला होता.

"तारीख जुनी दाखवून राहिला का, वहिनी?"

"हो."

"मंग मदरबोर्डवरचा सेल गेला. दुकान बंद होतं ना इतके दिवस. सेल गेला का सेटिंगा पुसल्या जाते. आतला कॉम्प्युटर चालाले व्हर्च्युअलायझेशन नावाची एक सेटिंग लागते. दादानं चालू केली होती, ते बंद पडली असन."

समोरच्या घड्याळवाल्याकडून तिनं रुपयाएवढा चपटा सेल आणला. योगेश फोनवर सांगत गेला तशी वायर काढली, कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडली, जुना सेल काढून नवा बसवला. आत धुळीत शेंगदाण्याची तांबडी सालं पडली होती. काम करता करता शेंगदाणे खायची भूपेंद्रची सवय. पूनमनं ती फडक्यानं पुसून बाहेर झटकली.

"आता चालू करा अन् एफ टू दाबत राहा."

निळा पडदा आला.

"बाणाच्या बटणानं जा. पहिले तारीख भरा. मंग अ‍ॅडव्हान्स्ड, त्याच्यात सीपीयू. व्हर्च्युअलायझेशन दिसलं?"

"दिसलं. पुढे डिसेबल्ड लिहून आहे."

"एन्टर मारा, एनेबल्ड करा. मंग एफ टेन दाबून येस म्हणा. बस, झालं."

एवढंच होतं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, तारीख आजची दिसली. तिनं आतल्या कॉम्प्युटरवर क्लिक केलं. एक पट्टी हळूहळू भरत गेली आणि पडदा उजळला.

भूपेंद्रनं सोडला होता तसाच तो उघडला. नागपूरच्या गाडीची वेळ झाली म्हणून अर्ध्यातून उठलेला. कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका होती. 'आपली उप' इतकंच शेवटचं लिहिलेलं आणि त्यापुढे कर्सर लुकलुकत होता, जणू भूपेंद्र पाणी प्यायला उठलाय आणि आता येऊन बसेल.

फोनवर योगेश विचारत होता, "झालं का चालू?"

"झालं."

"वहिनी?"

"झालं म्हटलं ना. ठेवते."

आता काहीतरी होईल असं तिला वाटलं. रडू फुटेल. ती वाट पाहत बसली. काही झालं नाही. तिची नजर सवयीनं वरच्या ओळींवरून फिरली. वधूचं नाव 'विजयमला' पडलं होतं. ते लग्न केव्हाच होऊन गेलं असेल, पत्रिका दुसऱ्या कोणी छापून दिली असेल, हे तिला कळत होतं. तरी तिनं कर्सर वर नेला, काना दिला, 'विजयमाला' केलं. खाली अर्धवट राहिलेल्या ओळीला हात लावला नाही. फाइल सेव्ह करून बंद केली.

"बिघडलं का काही?" भिवाजी काकांनी विचारलं.

"नाही, काकाजी. सांगा. वर काय टाकू, गजानन प्रसन्न?"

"तेच. मोठ्या पोराच्या पत्रिकेत होतं तसंच."

ते सांगत गेले, ती टाइप करत गेली. तिची बोटं भूपेंद्रसारखी भरभर चालत नव्हती. एक-दोनदा तिनं मागे वळून पाहिलं, चूक दाखवायला कोणी उभं असल्यासारखं. मग स्वतःच वाचून पाहिलं. कच्ची प्रत निघाली. भिवाजी काकांनी चष्मा लावून प्रत्येक नावावर बोट ठेवत ती वाचली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. मग चष्मा काढून, "उद्या दुकान उघडं राहीन ना? नातवाले पाठवतो, सागरले, कागदाचा रंग पाहाले."

 पूनमला उघडावंसं वाटत नव्हतं, बंद ठेवावंसंही वाटत नव्हतं.

"पाठवा," ती म्हणाली.

काका बस धरायला निघून गेले. मानसीची शाळा सुटायला अजून अवकाश होता. पूनम झाडू घेऊन दुकान झाडायला लागली.