नाकातली शीळ

दांडी गावात कुणाच्या हळदीला माझे स्पीकरचे मोठे बॉक्स लागले की खाडीत होडीवर असलेल्यालाही गाणं ओळखू येतं, अशी माझी फुशारकी. पोटापाण्याला वायरमनचं काम, हौस साउंडची. ज्याचा आवाज मोठा तो सेट भारी, एवढंच मला कळायचं.

तारापूरच्या एका निवृत्त इंजिनिअर काकांनी गाणी ऐकायच्या खोलीला वेगळी लाइन ओढायला बोलावलं. महागाचा सेट म्हणे, आणि स्पीकर बघावेत तर तांदळाच्या डब्याएवढे! मी विचारलंच, काका, बॉक्स कुठायत? ते चिडले नाहीत. म्हणाले, रेकॉर्डमध्ये आहे ते सगळं बाहेर यावं आणि नाही ते कणभरही मिसळू नये, याला हाय-एंड म्हणायचं. मी मनात म्हटलं, नाव मोठं, लक्षण खोटं.

काम झाल्यावर त्यांनी माझं गाव विचारलं. मासवणकडचा म्हटल्यावर कपाटातून आमच्या भागातल्या तारप्याची, त्या भोपळ्याच्या फुंकून वाजवायच्या वाद्याची, जुनी रेकॉर्ड काढली. कव्हर बघताच ओळखलं, ही तीच रेकॉर्ड.

शहरातून एक माणूस रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन आला होता आणि त्याच्यासमोर तो तारपा आपणच वाजवला, असं माझा बाबा सांगायचा. कव्हरवर वाजवणाऱ्याचं नाव नाही. शेजारच्या पाड्यातला एक जण छाती ठोकून म्हणायचा, तो मी. लोकांनी त्याचं खरं मानलं, मीही मानलं. कुणीतरी मोबाइलवर उतरवून दिलेलं तेच वादन एका लग्नात माझ्या बॉक्सवर लावून मी चारचौघांत बाबाला म्हटलं होतं, थापा मारू नको. त्या दिवशी त्याने आपला तारपा आढ्याला टांगला, तो टांगलाच.

काकांनी सुई टेकवली. आधी काहीच नाही, नुसती शांतता, आणि मग खोलीत माणूस येऊन उभा राहिला. तारपा मध्ये थांबत नाही. वाजवणारा फुंकता फुंकताच नाकाने श्वास ओढतो. तो श्वास मला ऐकू येत होता. आणि प्रत्येक श्वासाला एक बारीक शीळ.

बाबा ताडावरून पडला तेव्हा त्याचं नाक मोडलं होतं. तेव्हापासून ते असंच वाजतं. लहानपणी त्या शिळेशेजारीच मी झोपायचो. माझ्या बॉक्सांच्या धडधडीत तीच कुठे चिरडून गेली, देव जाणे. हातात टेस्टर तसाच धरून मी खाली बसलो. काकांनी रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली.

रविवारी बाबाला मोटरसायकलवर घालून तिथे नेलं. खुर्ची नको म्हणाला, जमिनीवर बसला. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं, बोटं मांडीवर तारप्याची भोकं शोधत होती.

"बाबा, हा तूच हायस," मी म्हटलं.

त्याने डोळे उघडले.

"मला ठाव हाय," तो म्हणाला. "तुलाच ठाव नव्हतं."