लोखंड लागलेला झरा

११ जून २००६. ऊन कडक. झरा काल दुपारपासून बंद. जवाला अजून पहिलं पाणी नाही. स्तोबदानने माळ्यावरच्या ट्रंका खाली काढल्या.

एवढं लिहून कुन्झेसने वही मिटली. मुलाने, स्तोबदानने, साफ सांगितलं होतं, कोंब करपले तर घराला कुलूप घालून सगळ्यांनी लेहला जायचं. ज्या घरात तिचा नवरा गेला, त्या घराला कुलूप.

झऱ्यात लू राहतात, पाण्याचे नाग. त्यांना लोखंड सोसत नाही, म्हणून तिथला गाळ गाव लाकडी फावड्यानेच काढतं. परवा धार करंगळीएवढी झाली तेव्हा कुन्झेसचा धीर सुटला. तिने पहार नेली आणि झऱ्याच्या तोंडाशी अडकलेला दगड उचकटला. दुसऱ्या दिवशी धार थांबली.

पाण्याच्या पाळ्या लावणारा नोर्फेल तिला वाटेत भेटला. गावात सगळे तिला अबी-ले, म्हणजे आजी, म्हणत.

"मिशनच्या शाळेत शिकलात ना, अबी-ले? झऱ्याचा दात उपटायलाही तिथंच शिकवलं वाटतं."

ती तशीच पुढे निघाली. वाळत तर त्याचंही शेत होतं.

गोन्पाची, म्हणजे मठाची, चढण ती बसत-उठत चढली. म्हातारे लामा, मेमे लुंडुप, अंगणात दिव्यांच्या वाती वळत होते. तिने सगळं सांगितलं, पूजेसाठी विनवलं. त्यांनी हनुवटीने वरचा डोंगर दाखवला. पूर्वी या दिवसांत तो पांढरा असायचा. आता नुसता करडा दगड.

"पहारीने झरा आटत नाही, अबी-ले. वरच काही उरलेलं नाही. जिवाला लावून घेऊ नका."

त्यांना दिलासा द्यायचा होता. पण कुन्झेसला ते ऐकवेना. ती पायरीवर टेकली.

"असं म्हणू नका, मेमे-ले. चूक माझीच असू दे. चूक असली तर माफी तरी मागता येते."

लामांनी हातातली वात पूर्ण वळली. मग वाती बाजूला सारून पोथी आणायला उठले.

उन्हं कलताना झऱ्यापाशी पोथी वाचून झाली. कुन्झेसने गायीचं दोन्ही वेळचं दूध त्या कोरड्या तोंडात ओतलं. दगड पांढरे झाले, मग पुन्हा करडे. आवाज बसेपर्यंत ती माफी मागत राहिली. नोर्फेल मागे येऊन उभा होता; या वेळी त्याने टोमणा मारला नाही.

धार आली नाही.

घरी स्तोबदान ट्रंकांना दोर आवळत होता. तिने वही उघडून सकाळच्या नोंदीखाली लिहिलं: घरात दूध नाही. आज मिठाचा चहा बिनदुधाचा केला.