वासुदेवभाऊंची वर-खाली नळ्यांची बंदूक

जुन्या बंदुकांचा नाद असलेली आम्ही आरमोरीची चार टाळकी. बार कुणीच उडवत नाही, नुसतं पुसायचं अन् पाहत बसायचं. तरी किस्से म्हणाल तर पोतंभर! इतके दिवस तोंड बंद ठेवलं, कारण वासुदेवभाऊंचं लायसन्स अडकलं होतं. रिन्यू झालं नसतं तर बंदूक सरकारजमा. झालं बुवा एकदाचं! आता मोकळेपणी सांगतो.

*

भाऊंची बंदूक आजोबांच्या वेळची, विलायती. तिच्या नळ्या शेजारी-शेजारी नाहीत, एकीवर एक आहेत. इकडे तशी कुणी पाहिलेलीच नाही. एक पाहुणे म्हणाले, "दुनळीच तर हाये. पण अशी कुशीवर वळवून काऊन धरली जी?"

भाऊंनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

*

धानात रानडुकरं शिरायला लागली. हवेत बार काढून हाकला, अशी गावानं गळ घातली, तेव्हा भाऊ पहाटे मचाणावर बसले. बार काही ऐकू येईना. जाऊन पाहतो तर भाऊ कुडकुडताहेत अन् घोंगडं बंदुकीवर!

"दव पडून राह्यलं ना! दस्त्याचं लाकूड फुगते."

"अन् डुकरं?"

"त्यायले तोंडानं हाकललं!"

*

दसऱ्याला कांताबाईंनी, म्हणजे भाऊंच्या मिसेसनी, बंदुकीच्या नक्षीवर हळदकुंकू थापलं. भाऊ दिवाळीपर्यंत ते कोरून काढत होते. एका सकाळी बाईंनी विचारलं, "माया दाताचा ब्रश कुठी गेला?"

"पूजा कोनं केली होती?" भाऊ म्हणाले.

*

इलेक्शन आलं की बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. भाऊ गादी, उशी अन् मच्छरदाणी घेऊन हजर. हवालदार कावला.

"भाऊ, बंदूक जमा होते, तुमी नाई!"

*

अन् परवाची गोष्ट. लायसन्ससाठी बंदुकीसकट गडचिरोलीला बोलावणं आलं. मी सोबत, कांताबाईही. साहेबांनी विचारलं, "शेवटची केव्हा चालवली?"

भाऊ खरं बोलून बसले. "चालवलीच नाई जी."

"मग गरज काय?"

भाऊ बंदुकीच्या खोळीवरची धूळ झटकू लागले. साहेब बाईंकडे वळले. "तुम्हालाही घरात नकोशीच असेल?"

मी डोळेच मिटले. लग्न झाल्यापासून 'काढून टाका ते लोखंड' म्हणणारी बाई!

"नेता तर न्या साहेब," बाई म्हणाल्या. "पण मंग यायलेबी न्या! रिटायर झाल्यापासून हे हिले पुसत बसतेत म्हणून मले सुख हाये. ही नसली तर दिवसभर माया सैपाकात नाक खुपसतीन!"

साहेबांनी हसत हसत सही केली. जीव भांड्यात पडला राजेहो! भाऊंचे तर डोळेच भरून आले.

परतीच्या बसला तुफान गर्दी. जागा एकट्या बाईंना मिळाली; चढताना बंदूक त्यांच्याच हाती दिली होती. भाऊ म्हणाले, "आण, बंदूक मायाजवळ दे."

"राहू द्या. उभ्यानं धक्का लागन तिले," बाई म्हणाल्या. खोळीतली बंदूक त्यांनी मांडीवर आडवी घेतली अन् तिच्यावर पदर टाकला.