मैनेच्या डोळ्याखालची भोवरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या मिशन शाळेत ख्रिस्ती मुली शनिवारी फादरपुढे गुडघे टेकून आपापल्या चुका सांगून यायच्या आणि मग हलक्या मनानं डबा खायच्या. आम्हा बाकीच्या मुलींना ती सोय नव्हती. असती, तरी मी सांगितलं असतं? – नाही वाटत. मला गप्प राहणं फार चांगलं जमतं. लोक त्याला शालीनता म्हणतात.

आमच्याकडे एक घोडी होती, मैना. नुकरा, म्हणजे पांढरीशुभ्र. माझे वडील – आम्ही त्यांना आप्पा म्हणतो – औरंगाबादेत वकिली करतात. त्यांना कचेरीत जायला आणि मला बारापुल्ला दरवाज्यातून छावणीतल्या शाळेत पोचवायला टांगा होता. घोडी असणं म्हणजे काय असतं, हे बाहेरच्याला कळत नाही. टांगा दिसतो, रुबाब दिसतो. घरात मात्र आधी तिचं आणि मग आमचं. उजाडायच्या आत लीद काढायची, खरारा करायचा, खुरातले खडे उकरायचे. हरभरा भिजवायचा, थंडीत कुळीथ शिजवायचे, ते कोमट झाले की नाही हे हाताच्या पालथ्या बाजूनं पाहायचं. दौडून आली की अंगणात फिरवायची, घाम सुकेपर्यंत पाण्याला तोंड लावू द्यायचं नाही. महिन्याला नाल. पिशोरला, आप्पांच्या गावी, आम्ही सगळे मिळून कधीच गेलो नाही. मैनेपाशी कुणीतरी हवं.

हे सगळं करायचे मदारचाचा, आमचे मोतद्दार. त्यांनीच माळेगावच्या जत्रेतून मैना निवडून आणली होती. घोडं घेताना आपल्याकडे सगळ्यात आधी भोवऱ्या पाहतात, हे तुम्हाला माहीत असेल. अंगावर केस कुठे कसे वळलेत, त्यावर घोडं धन्याला लाभेल की बुडवेल ते ठरतं. गळ्यावरची भोवरी चांगली. डोळ्याखालची सगळ्यात वाईट. तिला आसूढाळ म्हणतात, ती असलेलं जनावर घरात रडं आणतं असं मानतात. चाचांनी मैनेचा सगळा चेहरा बोटांनी चाचपून आप्पांना सांगितलं होतं, "साफ है, वकीलसाब. मेरी जुबान." आणि आप्पांनी त्या शब्दावर घोडी घेतली होती.

मी तेरा वर्षांची असताना बकरीदेच्या सकाळी चाचा नमाजाला गेले. जाताना म्हणाले, "बेबी, दाना मैं आके देतूँ. तुम हात नक्को लगाओ." मला हात लावायची मनाई आप्पांचीही होती. पण मैना पाय आपटत होती आणि मला वाटलं, त्यात काय एवढं? मी तोबऱ्यात हरभरा भरला आणि तो तिच्या तोंडाला बांधला. दाणा सांडू नये म्हणून पट्टा आवळला. बक्कल कुठे येतं ते पाहिलं नाही – खरं सांगायचं तर पाहिलं, आणि चालेल असं ठरवलं. मग घरात जाऊन पुस्तक वाचत बसले. विसरले.

चाचा परत आले तोवर ती खांबावर तोंड घासून घासून दमली होती. डाव्या डोळ्याखाली कातडं सोललेलं, पांढऱ्या गालावरून रक्त ओघळलेलं. चाचा नव्या कपड्यांतच खाली बसले, जखम धुतली, हळद-तेल लावलं. मी रडत होते. ते म्हणाले, "कायकू रोते? भर जाता. वकीलसाब को नै बोलना, बस. तुमको बोलेंगे." त्यांनी कुणालाच काही कळू दिलं नाही. टांग्याला जोडताना डोळ्यांना झापडं असतात, त्याच्या आत त्यांनी मऊ कापड शिवलं आणि जखम भरेपर्यंत ती झाकून ठेवली. जनावराची जखम मालकापासून लपवणं हा मोतद्दाराचा केवढा गुन्हा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांना होतं.

जखम भरली. पण तिथले केस सरळ उगवले नाहीत. वाटोळे वळले.

त्याच पावसाळ्यात आई विषमज्वरानं पडली. दिवसामागून दिवस ताप उतरेना. पिशोरहून आत्याबाई तिची शुश्रूषा करायला आल्या. घरात काय वाईट शिरलंय ते त्या पहिल्या दिवसापासून शोधत होत्या – उंबरा, विहीर, माझी इंग्रजी पुस्तकं. एके सकाळी मैनेला भाकरीचा तुकडा द्यायला गेल्या आणि तिथूनच त्यांनी आप्पांना हाक मारली. "आरं, ही तर आसूढाळ हाय. डोळं फुटलं होतं का घेताना? घरची लक्षिमी हातरुणाला खिळली, आन् तू हिला चणं चारतुस व्हय?"

चाचा म्हणाले, ती भोवरी नाही, जखमेचा वण आहे.

"कसली जखम?" आप्पांनी विचारलं. "कधी झाली? मला का सांगितली नाही?"

चाचा पुन्हा मैनेला खरारा करू लागले. भोवरी जन्माची असते, नंतर उगवत नाही – हे आप्पांना शिकवलं होतं चाचांनीच. म्हणजे एक तर ते जत्रेत आंधळे होते, नाही तर व्यापाऱ्याला सामील. आत्याबाईंनी यातलं दुसरंच धरलं. म्हणाल्या, "दलालाचं पान खाल्लं असंल, दुसरं काय."

आप्पा वकील आहेत. साक्षीशिवाय निकाल देणं त्यांना आवडत नाही. ते माझ्याकडे वळले. "तू रोज तिथं असतेस. पाहिलीस का जखम?"

मी म्हटलं, "नाही."

भीती वाटली म्हणून? हो, वाटली. पण इतकंच असतं तर मी हे कदाचित कुणाला तरी सांगू शकले असते. त्या अर्ध्या क्षणात माझ्या मनात दुसरं काहीतरी आलं होतं. शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या दोघी रुमाल नाकाला लावायच्या – तबेल्याचा वास येतो म्हणून. डॉक्टरांची मुलगी मोटारीतून यायची आणि त्यांचं घर आमच्याच रस्त्यावर होतं. घोडी गेली तर? – एवढंच आलं मनात. आणि भोवरीवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. शाळेत आम्ही असल्या गोष्टींना हसायचो. जिच्यावर माझा विश्वास नव्हता, त्याच भोवरीच्या जोरावर मी माझं काम करून घेतलं.

चाचांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "बेबी बोले सो सच," ते म्हणाले. मग त्यांनी हातातला खरारा झटकून खुंटीला अडकवला, मैनेच्या मानेवर एक थाप दिली आणि गेले.

आसूढाळ म्हटल्यावर शहरात तिला गिऱ्हाईक मिळेना. शेवटी जालन्याकडचा एक माणूस तिला मिळेल त्या भावात घेऊन गेला. पुढे तिचं काय झालं ते मी विचारलं नाही. ती गेली आणि पंधरा दिवसांत आईचा ताप उतरला. झालं, आत्याबाई खऱ्या ठरल्या. मी डॉक्टरांच्या मोटारीतून शाळेत जाऊ लागले. माझ्या बाकावर रुमाल निघेनासे झाले.

चाचांना मात्र पुन्हा कुणी घोड्यापाशी उभं केलं नाही. गोष्ट सगळ्या पागांमधून फिरली होती. ते पाणचक्कीपलीकडे गवत कापायचे आणि दरवाज्यापाशी पेंढ्या विकायला बसायचे. मोटार तिथून जाताना मी मांडीवरच्या पुस्तकात पाहायची. एकदा दुकानापाशी समोरासमोरच आलो. त्यांनी सलाम केला, विचारलं, "पढाई कैसी चल री, बेबी?" मी म्हटलं, चांगली. बस. एवढं बोलून मी पुढे गेले.

इथे थांबले असते, तर तुम्ही कदाचित म्हणाला असता – पोर होती, घाबरली. म्हणून पुढचं सांगते.

गेल्या महिन्यात आप्पांचे एक स्नेही जेवायला आले होते, कन्नडहून बदलून आलेले. नवीन घोडं घेतलंय, चांगला माणूस हवा म्हणत होते. "एक म्हातारा आला होता परवा," ते म्हणाले. "मदार म्हणून. हात छान आहे त्याचा. माझं जनावर नवख्याला उभं राहू देत नाही, पण त्यानं मानेवर हात ठेवला आणि मुकाट झालं. उद्यापासून ये म्हणणार आहे."

आप्पांनी घास खाली ठेवला आणि सगळी हकीकत सांगितली. जत्रा, भोवरी, आईचा ताप, कधी न झालेली जखम. त्यांचा त्या हकीकतीवर पूर्ण विश्वास आहे. ते खोटं बोलत नव्हते.

"पण वण असूही शकतो की हो," पाहुणे म्हणाले. त्यांना चाचा हवे होते, ते दिसत होतं.

"हिला विचारा," आप्पा म्हणाले. "ही रोज तिथं असायची."

मी वाढत होते. पाहुण्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मैना नव्हती, आत्याबाई नव्हत्या, आई शेजारच्या खोलीत धडधाकट होती. आप्पा मला रागावले असते, एवढंच. तेही फार नाही.

"जखम नव्हती," मी म्हटलं.

"बरं झालं विचारलं," पाहुणे म्हणाले आणि त्यांनी भातासाठी ताट पुढे केलं.

पहिल्यांदा मी तेरा वर्षांची होते. या वेळी तेवीस.