वर औषध, खाली ढेप

"साहेब, ढेपीच्या पोत्यायले औषधाचा वास येऊन राह्यला," ड्रायव्हर सुभाष फोनवर म्हणाला. आमचा ट्रक बुलढाण्यात उभा होता.

मी नांदुऱ्याच्या एका ढेप कारखान्यात डिस्पॅच पाहतो. सरकीची ढेप म्हणजे तेल काढल्यावर उरलेला चोथा, जनावरांचं खाद्य. धाडचा दुकानदार थोडी पोती मागवायचा, चिखलीचा थोडी. प्रत्येकासाठी वेगळी गाडी अर्धी रिकामी धावायची. शेठ म्हणाले होते, "भाडं खाली आणा, नाहीतर डिस्पॅच बाहेरच्या ट्रान्सपोर्टला देतो." म्हणजे माझी खुर्ची गेली.

मी कन्सॉलिडेशन सुरू केलं. एका रस्त्यावरचा किरकोळ माल साठवायचा आणि एकाच गाडीत पाठवायचा. तरी जागा उरायची. शेजारच्या गोडाऊनवाल्याची फवारणीच्या औषधाची खोकी बुलढाण्याला जायची होती, ती मीच मागून घेतली. लोडिंगचा नियम साधा आहे: शेवटी उतरणारा माल आधी चढवायचा. धाड बुलढाण्याच्या पुढे, म्हणून धाडची ढेप खाली गेली, औषध वर. घाटाच्या वळणांवर एक कॅन फुटला.

"किती पोती ओली आहेत?"

"वरची दोन दिसतात. खालचं काय सांगू?"

"दोन बाजूला काढ. बाकीची धाडला उतरव."

"तुमच्या घरच्या म्हशीले चारसान का, साहेब?"

"तू ड्रायव्हर आहेस, डॉक्टर नाहीस. गाडी लेट करू नको."

"हाव," म्हणाला आणि फोन ठेवला.

जेवणाचा डबा उघडला, तसाच बंद केला. शेवटी धाडच्या रहीमभाईंना फोन लावला. ढेपीचे जुने दुकानदार.

"माल उतरला. चार गिऱ्हाइकं तर घेऊनबी गेले," ते खुशीत म्हणाले.

"ती पोती परत मागवा. विकू नका."

"काऊन?"

खरं सांगितलं तर शेठपर्यंत जाईल. मी म्हणालो, "वजनात गडबड आहे."

ते हसले. "एवढंच ना! किलो-दोन किलो इकडं तिकडं चालते, साहेब. बाजाराच्या दिवशी पाहू." फोन बंद.

मी खुर्चीत बसून राहिलो. पंख्याकडे पाहत होतो. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण शिपाई चहा ठेवून गेला होता आणि तो गार झाला होता. मग पुन्हा फोन लावला.

"रहीमभाई, वजनाचं खोटं होतं. ढेपीवर औषध सांडलंय. विषारी आहे."

"अल्ला! आधी सांगाचं ना बे!" एरवी साहेब म्हणणारा माणूस मला 'बे' म्हणाला, आणि ते योग्यच होतं.

त्यांनी माणसं पिटाळली. तीन पोती बांधलेलीच मिळाली. चौथं शांताबाईंनी नुकतंच फोडून ढेप म्हशीला घातली होती. त्यांच्या घरात एकच दुभती म्हैस. तोंडाला फेस आला, पाय लटपटले. डॉक्टर पोचले, इंजेक्शनं दिली. संध्याकाळी म्हैस गेली.

दुसऱ्या दिवशी शेठनी केबिनमध्ये बोलावलं. "ड्रायव्हरनं कळवलं नव्हतं का?"

सुभाष दाराशी उभा होता. माझ्याकडेच पाहत होता.

"नाही," मी म्हणालो.

त्यानं गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेला. शांताबाईंना शेठनी म्हैस घेऊन दिली. भाडं खरंच खाली आलं होतं, त्यामुळे माझी पाठही थोपटली. पहिल्या फोनवर मी वजनाचं कारण दिलं होतं, हे रहीमभाईंनी कुणाला सांगितलं नाही. सुभाषचा फोन आला होता, हे मी सांगितलं नाही. आज लिहितोय.

तो आता चिखलीकडे प्रवासी जीप चालवतो. स्टँडवर दिसलो की 'साहेब' म्हणतो. मी मोबाईल काढून कानाला लावतो.

दोघांचा माल एका गाडीत घालताना मी आता जागा नंतर मोजतो. आधी विचारतो, वरचं सांडलं तर खालचं कोण खाणार? आणि रस्त्यावरून ड्रायव्हरचा असा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "गाडी उभी कर." त्या दिवशी सुभाषला एवढंच हवं होतं.